मुक्ता फॉन्ट: आठ महिने, आठ भित्तिपत्रकं

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या भिंतीवर मी दर महिन्याला एक भित्तिपत्रक लावते. दोन बाय तीन फुटांचं, सनबोर्डवर. चित्रं थोडी, मजकूर भरपूर, साधारण ३०० शब्द. विषय ठाण्याचाच. आठही वेळा मुक्ताच वापरला आणि पुढेही तोच वापरणार आहे. पण तो कसा वापरायचा हे कळायला दोन अंक वाया गेले.

पहिला अंक ठाण्यातल्या तलावांवर होता. अक्षर उठून दिसावं म्हणून सगळा मजकूर एक्स्ट्राबोल्डमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड अक्षरात, २४ पॉइंटांत लावला. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या काकांनी थांबवलं. "ताई, एवढी मेहनत घेतलीत, पण सिद्धेश्वर तलावाचा 'सिद्वेश्वर' झालाय हो." फाइलमध्ये बरोबर होतं. खाली जाऊन अगदी नाक लावून पाहिलं, तेव्हा कळलं. 'द्ध'मधली पोकळी छपाईत बुजली होती, उरला होता नुसता काळा ठिपका. 'घ' आणि 'ध'ही चार पावलांवरून सारखेच वाटत होते.

मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत मिळणारा युनिकोड फॉन्ट. एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत त्याचे ७ वेट, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार, आहेत आणि मजकूर जास्त असला की हीच त्याची खरी ताकद. आता मजकूर मीडियममध्ये, उपशीर्षकं सेमीबोल्डमध्ये आणि एक्स्ट्राबोल्ड फक्त मथळ्याला. मजकुराचा आकार ३६ पॉइंट, म्हणजे अर्धा इंच, आणि दोन रकाने. ओळींमधलं अंतर मात्र ५४ पॉइंट. आपल्या लिपीत वर रफार-वेलांट्या, खाली उकार-ऋकार. अंतर कमी पडलं की वरच्या ओळीतल्या 'कृ'चा पाय खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्यावर येतो. जागा पुरत नसेल तर मी वाक्यं कापते, अंतराला हात लावत नाही.

मध्ये नमुन्यापुरता 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्टही लावून पाहिला. फार देखणा आहे, खास मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' पाहून मन भरतं. पण त्यात रेग्युलर आणि इटॅलिक एवढेच प्रकार, आणि आमच्या ट्यूबलाइटखाली त्याच्या बारीक रेघा लांबून पुसट वाटल्या. पुस्तकासाठी मी तोच घेईन. 'बालू' या फॉन्टचा मथळा छान भरतो, पण परिच्छेदभर वाचताना दमायला होतं.

दुसरा अंक रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे गाडी, तिचे १४ डबे, सगळं मनापासून लिहिलेलं. दुकानात फाइल उघडली, तिथे फॉन्ट नव्हता. दुसराच फॉन्ट लागला, जोडाक्षरं सुटली, 'स्टेशन'मधल्या 'स'चा पाय मोडला आणि 'किनाऱ्यावर'मधला अर्धा 'र' रफार होऊन डोक्यावर चढला. मी न तपासता घेऊन आले. तेव्हापासून पीडीएफच देते, फॉन्ट आत एम्बेड केलेला, आणि मॅट लॅमिनेशन सांगते, कारण चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप नेमकी मधल्या ओळींवर पडते.

शिवाय छपाईआधी घरच्या प्रिंटरवर एक तुकडा पूर्ण आकारात काढते. त्यात सिद्धेश्वर, विद्वान, घर, धर, किनाऱ्यावर हे शब्द हवेतच. तो फ्रिजवर चिकटवते. ओट्यापाशी उभ्या सासूबाईंनी न अडखळता वाचला, तरच फाइल दुकानात जाते.