हार्डी, बर्गमन की डिरिक्ले? गुणक आणि अवयव यांच्या कसोटीवर तीन अवकाश

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्पाचा विषय निवडताना, किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात वाचनाची दिशा ठरवताना, मुंबईतील अनेक विद्यार्थी एकाच वळणावर अडतात. विश्लेषी फलनांच्या पुनरुत्पादक कर्नल अवकाशांवर काम करायचे हे ठरलेले असते, पण हार्डी, बर्गमन आणि डिरिक्ले यांपैकी नेमका कोणता अवकाश घ्यावा हे ठरत नाही. कलिना, पवई की कुलाबा, म्हणजे कोणत्या संस्थेत जावे, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो इथे घेतलेला नाही. इथे तुलना फक्त दोन मुद्द्यांवर केली आहे: त्या अवकाशाचे गुणक कोणते, आणि त्यातल्या फलनांचे अवयव कसे पडतात. माझ्या मते निवड याच दोन मुद्द्यांवर व्हावी, कारण बाकीचा बहुतेक सिद्धांत त्यांच्या पाठोपाठ येतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. हे तिन्ही हिल्बर्ट अवकाश एकक चकतीवरील विश्लेषी फलनांचे आहेत, आणि फलनाचे घातमालेतील सहगुणक कसे मोजायचे एवढाच त्यांच्यातला फरक आहे. हार्डी अवकाशात सहगुणकांच्या निरपेक्ष मूल्यांच्या वर्गांची सरळ बेरीज घेतात. बर्गमन अवकाशात न-व्या घाताच्या सहगुणकाच्या वर्गाला (न + १) ने भागतात. डिरिक्ले अवकाशात त्याला (न + १) ने गुणतात. या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे फलनाचा नॉर्म, त्याची जणू ‘लांबी’. तिन्ही ठिकाणी एखाद्या बिंदूवर फलनाचे मूल्य घेणे ही सतत क्रिया असते, म्हणून प्रत्येक बिंदूसाठी एक कर्नल फलन मिळते, आणि त्याच्याशी आंतरगुणाकार केला की ते मूल्य हाती येते. या साऱ्याची सर्वसाधारण मांडणी अरोनझायन यांनी १९५० साली केली. चकतीतले क्ष आणि य हे दोन बिंदू घेऊन क्ष आणि य च्या संयुग्मी संख्येचा गुणाकार ट मानला, तर हार्डीचा कर्नल १/(१ − ट), बर्गमनचा कर्नल त्याचा वर्ग, आणि डिरिक्लेचा कर्नल १ + ट/२ + (टचा वर्ग)/३ + … असा, म्हणजे लॉगरिदमच्या घराण्यातला.

गुणक म्हणजे असे फलन, ज्याने अवकाशातील कोणत्याही फलनाला गुणले तरी गुणाकार त्याच अवकाशात राहतो. गुणकाचा नॉर्म म्हणजे त्या गुणाकार-ऑपरेटरचा नॉर्म. या ऑपरेटरचा सहचर ऑपरेटर प्रत्येक कर्नल फलनाला फक्त एका संख्येने गुणतो, आणि ती संख्या म्हणजे त्या बिंदूवरील गुणकाच्या मूल्याची संयुग्मी. त्यामुळे गुणक नेहमीच परिबद्ध असतो आणि त्याचे कमाल मूल्य त्याच्या नॉर्मपेक्षा मोठे नसते. उलट बाजूने, प्रत्येक परिबद्ध विश्लेषी फलन गुणक असते का, हा प्रश्न उरतो. हार्डी आणि बर्गमन अवकाशांत याचे उत्तर होय असे आहे, आणि दोन्हीकडे गुणकाचा नॉर्म म्हणजेच त्याचे कमाल मूल्य. डिरिक्ले अवकाशात उत्तर नाही असे आहे. क्षच्या न-व्या घाताने डिरिक्ले अवकाशात गुणले, तर त्या ऑपरेटरचा नॉर्म बरोबर (न + १) चे वर्गमूळ येतो. ९९ वा घात घेतला तर नॉर्म १० होतो, जरी त्या फलनाचे चकतीवरील मूल्य कधीही १ च्या पुढे जात नाही. याहून टोकाचे उदाहरणही सोपे आहे. क्षचे २, ४, ८, १६ … असे घात घ्यावेत आणि त्यांना अनुक्रमे १, १/४, १/९, १/१६ … असे सहगुणक द्यावेत. ही मालिका सीमेपर्यंत सतत राहते, पण डिरिक्ले नॉर्मचा हिशेब केला तर बेरीज अनंताकडे जाते. म्हणजे हे फलन त्या अवकाशातच नाही, मग गुणक असण्याचा प्रश्नच येत नाही. डिरिक्लेचे गुणक नेमके कोणते, याचे उत्तर स्टेगेंगा यांनी १९८० साली दिले: फलन परिबद्ध हवे, आणि त्याच्या विकलजाच्या वर्गापासून बनणारे माप त्या अवकाशासाठी कार्लेसन माप हवे, म्हणजे अवकाशातील प्रत्येक फलनाच्या वर्गाचे त्या मापाने केलेले संकलन त्याच्या नॉर्मच्या वर्गाच्या एका ठरावीक पटीत राहायला हवे. ही अट तपासताना धारितेशी, म्हणजे सीमेवरील संच किती ‘जाड’ आहे हे सांगणाऱ्या राशीशी, झटावे लागते, आणि ज्याला मापन सिद्धांताचा कंटाळा आहे त्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

इथवर पाहता हार्डी आणि बर्गमन ही जुळी भावंडे वाटतात आणि डिरिक्ले घरातला हट्टी मुलगा. अवयवांकडे वळलो की हे चित्र उलटते, आणि निवडीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

शाळेत ‘अवयव पाडा’ म्हटले की बहुपदीची मुळे शोधून तिचे एकेक तुकडे करायचे असतात. इथे त्याचे दोन अर्थ होतात आणि नवखा वाचक त्यांची गल्लत करतो. पहिला अर्थ शून्ये वेगळी काढण्याचा: फलनाची शून्ये एका चांगल्या अवयवात गोळा करायची आणि उरलेले फलन त्याच अवकाशात, शक्यतो लहान किंवा तेवढ्याच नॉर्मचे राहावे. दुसरा अर्थ फलन दोन फलनांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिण्याचा.

पहिल्या अर्थाची चाचणी एका ओळीत होते, आणि ठाण्याच्या लोकलमध्ये दादर ते कुर्ला या अंतरात ती वहीवर सहज उरकते. ० या बिंदूवर शून्य असलेले फलन घ्यावे आणि त्याला, त्या अवकाशात नॉर्म १ होईल अशा रीतीने मापात बसवलेल्या क्षने भागावे. हार्डीमध्ये भाजक क्षच असतो आणि नॉर्म जसाच्या तसा राहतो. बर्गमनमध्ये भाजक ‘वर्गमूळ २ गुणिले क्ष’ होतो, आणि प्रत्येक सहगुणकाच्या वर्गापुढचा १/(न + १) जाऊन १/२न येतो. २न हा न + १ पेक्षा लहान नसल्याने नॉर्म घटतो किंवा तेवढाच राहतो. डिरिक्लेमध्ये भाजक ‘क्ष भागिले वर्गमूळ २’ असतो, न + १ च्या जागी २न येतो, आणि नॉर्म वाढतो किंवा तेवढाच राहतो.

हार्डीमधली ही समानता योगायोग नाही. ब्लाश्के यांनी १९१५ साली शून्यांचे गुणाकार मांडले, रीस यांनी १९२३ मध्ये त्यांच्या आधारे अवयवीकरण उभे केले, आणि बर्लिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले की क्षच्या गुणाकाराखाली स्थिर राहणारा प्रत्येक शून्येतर बंद उपावकाश एकाच इनर फलनाने (सीमेवर जवळजवळ सर्वत्र निरपेक्ष मूल्य १ असलेल्या परिबद्ध फलनाने) तयार होतो. इनर अवयव काढून टाकल्यावर उरणारा, चकतीत शून्य नसलेला अवयव म्हणजे आउटर. इनर, आउटर, शून्यांची अट, सगळे हातात स्वच्छ येते. म्हणूनच हार्डी शिकण्यासाठी उत्तम आहे, पण प्रकल्पासाठी मी तो एकटा सुचवत नाही. तिथली घडी इतकी नीट बसलेली आहे की विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त घडी घातलेले कपडे मोजणे येते.

बर्गमन अवकाशात गुणक तेवढेच असूनही शून्यांची गोष्ट बिघडते. होरोविट्झ यांनी १९७४ साली दाखवले की बर्गमन फलनांच्या दोन शून्यसंचांचा संयोग पुन्हा कोणत्याही बर्गमन फलनाचा शून्यसंच असेलच असे नाही. परिबद्ध फलनांची शून्ये ब्लाश्के अट (शून्यांच्या सीमेपासूनच्या अंतरांची बेरीज सांत असणे) पाळतात, बर्गमन फलनांची पाळतीलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक बर्गमन फलन दोन गुणकांचा भागाकार म्हणून लिहिण्याची आशा इथेच संपते. तरीही १९९१ साली हेडेनमाल्म यांनी असे भाजक शोधले, ज्यांनी भागल्यावर नॉर्म वाढत नाही. वहीतले ‘वर्गमूळ २ गुणिले क्ष’ हे त्यांचे सर्वांत साधे रूप. आलेमान, रिश्टर आणि सुंडबेर्ग यांनी १९९६ मध्ये बर्लिंगच्या प्रमेयाचे बर्गमन रूप सिद्ध केले, पण एका इनर फलनाच्या जागी तिथे अनंत मितीची जनकांची जागा लागू शकते. आणखी एक सावधगिरी: बर्गमनमधील स्थिर उपावकाशांची रचना पूर्ण समजणे म्हणजे हिल्बर्ट अवकाशाचा प्रसिद्ध स्थिर-उपावकाश प्रश्न सोडवणेच होय. एका सत्राच्या प्रकल्पात त्या दिशेला पाय ठेवू नये. दुसऱ्या अर्थाने अवयव मात्र बर्गमनमध्येही पडतात: होरोविट्झ यांच्या १९७७ च्या प्रमेयानुसार क्षेत्रफळाच्या दृष्टीने निरपेक्ष संकलनीय असलेले प्रत्येक विश्लेषी फलन दोन बर्गमन फलनांचा गुणाकार असते.

आता डिरिक्ले. गुणक कमी, कसोटी अवघड, इनर फलने तर फक्त सांत ब्लाश्के गुणाकार, असे असूनही इथे अवयव बर्गमनपेक्षा सुरळीत पडतात. याचे कारण कर्नलच्या व्यस्तात दडले आहे. १ मधून कर्नलचा व्यस्त वजा करावा आणि उत्तर टच्या घातांत मांडावे. हार्डीत नुसता ट उरतो. बर्गमनमध्ये २ट वजा टचा वर्ग, म्हणजे एक ऋण सहगुणक. डिरिक्लेमध्ये ट, त्याचा वर्ग, घन आणि चौथा घात यांचे सहगुणक अनुक्रमे १/२, १/१२, १/२४, १९/७२० असे सगळे धन येतात. पुढचेही धनच असतात, हे कालुझा यांच्या १९२८ च्या उपप्रमेयातून निघते. एकही सहगुणक ऋण नसणे म्हणजेच इथे ‘पूर्ण पिक गुणधर्म’, आणि तो असला की सांत बिंदूंवर दिलेली मूल्ये घेणारा, नॉर्म १ च्या आतला गुणक आहे की नाही हे एका मॅट्रिक्सवरून कळते. दर दोन बिंदूंसाठी, १ मधून एका मूल्याचा दुसऱ्याच्या संयुग्मीशी गुणाकार वजा करून त्याला कर्नलने गुणले की तिचे घटक मिळतात, आणि ती धन (अर्धनिश्चित) असली की गुणक असतो.

ही मॅट्रिक्स खरे बोलते की खोटे, ते दोन बिंदूंवर पाहता येते. ० वर मूल्य ० आणि १/२ वर मूल्य च हवे, तर च किती मोठा असू शकतो? हार्डीची मॅट्रिक्स म्हणते ०.५ पर्यंत, आणि श्वार्ट्झचे उपप्रमेयही हेच सांगते. बर्गमनची मॅट्रिक्स ०.६६ पर्यंत परवानगी देते, पण तिथले गुणक हार्डीतलेच असल्यामुळे ०.५ च्या वरचे काहीही मिळत नाही. म्हणजे ही मॅट्रिक्स खोटी आशा दाखवते. डिरिक्लेची मॅट्रिक्स सुमारे ०.३६२ वर थांबते, आणि तेवढे खरोखर मिळते. क्ष भागिले वर्गमूळ २ हा गुणक ०.३५४ पर्यंत जातो, म्हणजे तोही कमाल मर्यादेच्या अगदी जवळ आहे.

या गुणधर्माचे फळ मोठे आहे. आलेमान, हार्ट्झ, मकार्थी आणि रिश्टर यांनी २०१७ मध्ये दाखवले की पूर्ण पिक अवकाशातील प्रत्येक फलन दोन गुणकांचा भागाकार असते, आणि छेद १ वजा एक गुणक अशा शिस्तीचा घेता येतो. यामुळे डिरिक्ले फलनांचे शून्यसंच आणि त्यांच्या गुणकांचे शून्यसंच एकच ठरतात, आणि दोन शून्यसंचांचा संयोग पुन्हा शून्यसंच होतो. बर्गमनमध्ये जे मोडले ते इथे टिकते. दुसऱ्या अर्थाच्या अवयवांसाठी ज्यूरी आणि मार्टिन यांनी २०१९ मध्ये सिद्ध केले की गुणाकारांच्या अनंत बेरजेने बनणारे फलन, म्हणजे ‘दुर्बल गुणाकार’ अवकाशातले फलन, प्रत्यक्षात दोनच फलनांच्या एका गुणाकाराने मिळते. त्यात लागणारी ‘स्तंभ-ओळ’ अट (गुणकांचा स्तंभ परिबद्ध ऑपरेटर देत असेल तर त्यांची ओळही देते) प्रत्येक पूर्ण पिक अवकाशात आपोआप पाळली जाते, हे हार्ट्झ यांनी २०२३ मध्ये दाखवले.

अनेक चलांकडे जायचे असेल, तर डिरिक्लेमध्ये शिकलेली हीच पद्धत ड्रुरी-आर्व्हसन अवकाशात, म्हणजे अनेक चलांच्या एकक गोलावरील पूर्ण पिक अवकाशात, चालते. तिथेही परिबद्ध असणे गुणकासाठी पुरेसे नसते. एका सत्रात मात्र तो मोह टाळावा.

माझी शिफारस सरळ आहे. हार्डी पहिल्या दोन महिन्यांत, बर्लिंगच्या प्रमेयापर्यंत, नीट वाचावा आणि त्यानंतर प्रकल्प डिरिक्लेवर करावा. ज्याचा हात क्षेत्रफळाच्या संकलनात आणि कठीण अंदाजांत चांगला चालतो, आणि ज्याच्याजवळ पाच वर्षे आहेत, त्याने बर्गमन घ्यावा. त्याला तिथे कामाची कमतरता पडणार नाही. ज्याला ऑपरेटर आणि मॅट्रिक्स आवडतात त्याला डिरिक्ले लवकर मानवेल, आणि पुढचा प्रश्नही तिथे तयार आहे: ब्राउन आणि शील्ड्स यांनी १९८४ मध्ये विचारलेला. डिरिक्ले फलन आउटर असेल आणि सीमेवरील त्याच्या शून्यांची लॉगरिदमिक धारिता शून्य असेल, तर त्याला बहुपदींनी गुणून संपूर्ण अवकाश घनतेने भरतो का, हे अजून उघडे आहे. त्याला हात घालण्याआधी १/२, १/१२, १/२४ हे सहगुणक स्वतः काढून पाहावेत. त्यासाठी लॉगरिदमची मालिका आणि एक भागाकार पुरतो.