जँगो ५.२ आणि 'ऱ्या'चा शोध : निपाणीच्या पतसंस्थेतील काही महिन्यांच्या वापरानंतर

निपाणीतील एका पतसंस्थेची सभासद-नोंदवही आम्ही जँगो या पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्कच्या (वेब-प्रणाली बांधण्याच्या तयार चौकटीच्या) ५.२ या आवृत्तीवर बांधली असून ती आता रोज काउंटरवर वापरली जाते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि वरचेवर नव्या प्रणालीवर पैसे घालणे न परवडणाऱ्या संस्थेसाठी माझ्या लेखी हेच निवडीचे पहिले कारण होते. जँगो आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन्ही विनामूल्य आहेत; भाडे द्यावे लागते ते एका लहान सर्व्हरचे. कर्जखात्यांची यादी आरंभी संथ उघडत असे, कारण प्रत्येक ओळीमागे सभासदाच्या नावासाठी वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला वेगळी विचारणा, जात होती. संबंधित नोंदी एकाच क्वेरीत आणणारे सिलेक्ट रिलेटेड लावताच ते थांबले. मला विस्ताराने सांगायचे आहे ते 'ऱ्या'बद्दल.

कुऱ्हाडे आडनावाचे एक सभासद पासबुक घेऊन काउंटरवर आले, तेव्हा शोधात त्यांचे नावच सापडेना. पानोपानी चाळले तर ते यादीत होते. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात. र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळून झालेला ऱ युनिकोडच्या प्रमाणीकरणात एकरूप होतो. जोडकाचे रूप मात्र तसेच राहते. बरे, जोडक सरसकट काढून टाकावा, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. म्हणून 'र, हलन्त, जोडक' हा क्रम सापडेल तेथेच 'ऱ, हलन्त' घालावे लागते.

हे काम आम्ही स्वतंत्र फील्ड (नोंदीतील रकान्याचा प्रकार) लिहून, मूल्य डेटाबेसकडे जाण्याआधी तयार करणाऱ्या त्याच्या गेट प्रेप व्हॅल्यूमध्ये केले. मॉडेलच्या, म्हणजे नोंदीच्या आराखड्याच्या, सेव्हमध्ये ते करणे सोपे दिसते, पण एक्सेलमधील नोंदी बल्क क्रिएटने एकगठ्ठा भरताना सेव्ह चालतच नाही, आणि मायग्रेशनमध्ये (डेटाबेसमधील बदल लागू करण्याच्या टप्प्यात) मिळणाऱ्या मॉडेललाही आपले सेव्ह नसते. फील्ड दोन्हीकडे चालते. सभासद, जामीनदार, वारसदार, सर्वत्र तेच फील्ड लागले आणि जँगोची ही रचना मला मनापासून आवडली.

ते मत काही दिवसांतच थोडे बदलावे लागले. तंतोतंत जुळणारे नाव सापडू लागले, पण ॲडमिनच्या, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन-पडद्याच्या, शोधपेटीत तेच नाव जोडकाच्या रूपात टाकले की पुन्हा शून्य निकाल. कारण आतल्या कोडमध्ये निघाले. एक्झॅक्ट हा तंतोतंत जुळणीचा लुकअप (शोधाचा प्रकार) शोधशब्द फील्डकडून तयार करून घेतो. कंटेन्स, आयकंटेन्स, स्टार्ट्सविथ हे अर्धवट जुळणीचे लुकअप तसे करत नाहीत, आणि ॲडमिनचा शोध मुळात आयकंटेन्सवर चालतो. आकड्याच्या फील्डमध्येही अर्धवट मजकूर शोधता यावा, यासाठी ही सूट योग्य असेल; परंतु मजकुराच्या फील्डसाठी ती इतकी खोल दडलेली असावी, याचा मला आजही राग येतो. अखेर ॲडमिनचा शोध चालवणारे गेट सर्च रिझल्ट्स बदलणारा एक मिक्सिन (इतरत्र जोडता येणारा कोडचा तुकडा) लिहिला, जो शोधशब्द आधी रूप एक करणाऱ्या त्याच फंक्शनमधून नेतो. जेमतेम दहा-बारा ओळींचे ते काम आहे, पण ते सुचेपर्यंत काउंटरवरच्या ताईंना प्रत्येक वेळी खातेक्रमांक विचारावा लागत होता, आणि वयस्कर सभासदांना तो पाठ नसतो.

जुन्या नोंदी शुद्ध करताना आणखी एक गोष्ट उघड झाली. शोधात न सापडलेल्या काही सभासदांची नवी नोंद कोणीतरी आधीच करून ठेवली होती. नाव, जन्मतारीख आणि गाव मिळून आम्ही एकमेवतेची अट घातली होती, त्यामुळे रूप एक होताच मायग्रेशन मध्येच थांबले. अशी शुद्धी करणाऱ्यांनी आधी दुहेरी नोंदींची यादी छापावी आणि संस्थेच्या सचिवांकडून कोणते खाते ठेवायचे ते लेखी घ्यावे; ठेवी कोणत्या खात्यात आहेत हे कोडने ठरवू नये.

फील्ड आणि मिक्सिन यांचे आता वेगळे ॲप केले आहे. खानापूरच्या एका वाचनालयाच्या पुस्तकयादीत ते एका ओळीत जोडले गेले आणि 'शेतकऱ्यांचे' हा शब्द पहिल्याच दिवशी दोन्ही रूपांनी सापडला. कन्नड नावांचा रकाना वेगळा ठेवला आहे, कारण सरकारी कागद कन्नडमध्ये जातात. त्या लिपीतील जोडकाला हे फील्ड अजिबात हात लावत नाही, आणि याची चाचणी ॲपसोबतच लिहून ठेवली आहे.