ब्यूनोस आयर्समध्ये डॉलर बदलताना आम्ही कसे फसलो

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी आणि माझी पत्नी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनोस आयर्सला, गेलो होतो. त्या काळी तेथे डॉलरचे दोन भाव चालत. एक बँकेचा सरकारी भाव आणि दुसरा रस्त्यावरचा ‘ब्लू’ भाव, ज्यात जवळपास दुप्पट पेसो (तेथील चलन) हातात पडत. बँकेत जाणे म्हणजे निम्मे पैसे पाण्यात घालणे, असे ज्याने त्याने सांगितल्यामुळे आम्ही शंभर डॉलरच्या तीन कोऱ्या नोटा घेऊन फ्लोरिडा या पादचारी रस्त्यावर गेलो. (जुन्या, छोट्या चेहऱ्याच्या नोटांना तेथे कमी भाव देतात.)

या रस्त्यावर ‘काम्बियो, काम्बियो’, म्हणजे ‘चलनबदल’, असे पुटपुटत माणसे दिवसभर एका जागी उभी असतात. तेथील लोक त्यांना ‘आर्बोलितो’, म्हणजे छोटी झाडे, म्हणतात आणि ती गिऱ्हाइकाला ज्या आडबाजूच्या खोलीत नेतात तिला ‘कुएवा’, म्हणजे गुहा. आम्हाला एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर नेण्यात आले. भाव ठरला डॉलरला ३७० पेसो. काचेमागच्या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत यंत्रात नोटा मोजल्या. आकडा आला १११, म्हणजे १ लाख ११ हजार पेसो, कारण तेव्हा सर्वांत मोठी नोटच हजाराची होती. गड्डी घेऊन तो क्षणभर टेबलाखाली वाकला आणि वर येऊन म्हणाला, ‘रस्त्यावर मोजू नका, चोर फार आहेत, हॉटेलवर जाऊन मोजा.’ यंत्रातून निघालेल्या गड्डीला रबर नव्हते आणि आमच्या हातात आलेल्या गड्डीला होते, हे मला नंतर आठवले.

हॉटेलवर मोजल्या तेव्हा नोटा १११ च भरल्या, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी कॉफी प्यायल्यावर मी दिलेली नोट वेटरने उजेडात धरली आणि काही न बोलता परत केली. त्याने शेजारी स्वतःची नोट धरून दाखवली, तेव्हा तिच्यातील जलचिन्ह स्पष्ट दिसले आणि आमच्या नोटेत नुसता कोरा कागद दिसला. बोट फिरवल्यावर खऱ्या नोटेवरची छपाई खरखरीत लागत होती, आमची मात्र मासिकाच्या पानासारखी गुळगुळीत होती. खोलीवर येऊन एकेक नोट तपासली, तेव्हा गड्डीच्या अगदी मध्यभागी अशा चौदा नोटा निघाल्या, म्हणजे आपल्या सुमारे तीन हजार रुपयांचे नुकसान. पत्नीला रडू आले. पैशांपेक्षा आपण त्या माणसाचे आभार मानून निघालो, हे तिला अधिक लागले. त्या नोटा दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारणे आम्हाला पटले नाही, म्हणून आम्ही त्या फाडून टाकल्या. व्यवहारच बेकायदा असल्यामुळे पर्यटकांसाठीच्या वेगळ्या पोलीस चौकीत जाण्याचे धाडस झाले नाही.

ज्याची सर्वाधिक हळहळ वाटते ती गोष्ट घरी परतल्यावर कळली. नोव्हेंबर २०२२ पासूनच परदेशी कार्डांना सरकारी भावापेक्षा बराच चांगला, ‘ब्लू’च्या जवळपास जाणारा भाव मिळू लागला होता. त्या खोलीत पाऊल टाकण्याची आम्हाला गरजच नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये तेथील सरकारने सामान्य नागरिकांच्या डॉलर खरेदीवरचे बहुतेक निर्बंध उठवल्यावर तर दोन भावांतील अंतर फारच कमी झाले. तरीही ‘काम्बियो’चा पुकारा चालूच असतो, आणि जुनी माहिती वाचून गेलेले आपले लोक अजूनही त्यामागे जातील, अशी मला काळजी वाटते.

रोख पैसे बदलावेच लागले तर अधिकृत केंद्रातच बदलावेत. मोजलेली गड्डी नजरेआड झाली, तर ती तेथेच, काउंटर न सोडता, पुन्हा मोजावी आणि मधल्या नोटाही उजेडात धरून पाहाव्यात. २०२४ मध्ये १० आणि २० हजारांच्या नोटा आल्यामुळे एकाच बनावट नोटेने होणारे नुकसान आता कितीतरी मोठे असते. टॅक्सीतही हाच धोका आहे: चालक आपली खरी नोट घेतो, हातचलाखीने बनावट नोट पुढे करतो आणि ‘ही चालणार नाही’ म्हणून दुसरी मागतो. त्यामुळे पैसे देताना नोटेची रक्कम मोठ्याने उच्चारावी आणि शक्यतो भाड्याइतकेच सुटे पैसे द्यावेत.