दहा दात, दहा अक्षरं: एडिसनमधल्या मुलांच्या डेंटिस्टबद्दल

मी नाशिकची बीडीएस. इथे न्यू जर्सीत माझ्याकडे परवाना नाही, त्यामुळे लेकीला घेऊन मी डेंटिस्टकडे आई म्हणूनच जाते. पण दातांची नोंद वाचायची सवय सुटत नाही. म्हणून हे लिहिताना डॉक्टरांच्या गोड बोलण्यापेक्षा कागदाबद्दलच जास्त लिहिणार आहे.

जुलैत लेक तेरा महिन्यांची असताना आम्ही आधी दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. पहिला दात आला की, किंवा उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला दाखवावं असं इथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेचं सांगणं आहे. तिथे तीन मिनिटं तोंडात डोकावून पाहिलं, हातात ब्रश दिला आणि निरोप दिला. महिन्याभरानं विम्याचा कागद आला. त्यावर बिलाचे कोड होते: डी०१५० म्हणजे मोठी सविस्तर तपासणी, आणि डी११२० म्हणजे मुलांच्या दातांची सफाई. सफाई झालीच नव्हती. विमा कंपनीनं नोंदी मागवल्या, क्लिनिकनं पाठवल्या नाहीत, आणि सफाईचे ९२ डॉलर माझ्या नावावर आले. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क इथे कायद्यानं आहे, तो वापरून मी प्रत मागवली. इथे दुधाच्या दातांना ए ते टी अशी अक्षरं देतात. त्यात लिहिलं होतं: ए ते टी, सर्व दात उपस्थित. म्हणजे वीस. लेकीला तेव्हा सहा दात होते.

मला पैशांपेक्षा त्या वीस दातांचा राग जास्त आला. उद्या ती पडली, दात तुटला, एखादा दात आलाच नाही, तर आधीची नोंद म्हणून हाच कागद पुढे येणार. साच्यातला मजकूर चिकटवला की तो कुठल्याच मुलाचा राहत नाही. ते ९२ डॉलर पुढे दोन पत्रं लिहून रद्द करून घेतले, ते असो.

ऑक्टोबरात एडिसनमधल्या या नव्या क्लिनिकमध्ये गेलो. सोबत सासूबाई होत्या, मी त्यांना आईच म्हणते. मी कामावर असते तेव्हा दिवसभर लेक त्यांच्याचजवळ असते.

फोन केला तेव्हाच काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख विचारली आणि सांगितलं की तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा कोड आहे, डी०१४५. त्यात नुसतं दात बघणं नाही. मुलाच्या तब्येतीचा इतिहास, कीड लागण्याचा धोका, पुढची काळजी आणि सांभाळणाऱ्या माणसाशी बोलणं, हे सगळं त्यातच येतं. तिसरा वाढदिवस झाला की तो कोड लावता येत नाही. मग त्यांनी विचारलं, की बालरोगतज्ज्ञांनी दातांना फ्लोराइडचं वॉर्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप, लावलंय का, कधी. इथे ते काम मुलांचे डॉक्टरही करतात आणि त्याचं बिल मेडिकल विम्याकडे जातं, दातांच्या विम्याला त्याचा पत्ता नसतो. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

तपासणी गुडघ्याला गुडघा लावून झाली. लेक माझ्या मांडीवर, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. ती रडली, तोंड आपोआप उघडलं. डॉक्टर एकेक दात मोठ्यानं अक्षरानं सांगत होत्या आणि मदतनीस टाइप करत होती. आपल्याकडे आपण ५१, ६१ म्हणतो, इथे तेच ई आणि एफ. वरच्या या दोन पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ होती. किडीची ती पहिली खूण. माझ्या पोटात धस्स झालं. रोज ब्रश मीच करते आणि मला ती दिसली नव्हती.

मग खाण्यापिण्याचे प्रश्न. रात्री झोपताना बाटली? हो. त्यात काय? खारीक-बदामाची पूड आणि गूळ. आई मला म्हणाल्या, "तिला सांग, गुळाशिवाय पोरगी दूध तोंडाला लावत नाही." मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या आईंकडे वळून बोलल्या, मध्ये मी दुभाषी. गूळघातलं दूध दुपारी द्या, रात्री झोपण्याआधी साधं दूध पेल्यातून, मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी. आईंनी दोनदा विचारून घेतलं. घरी आल्यावर दाणा केवढा ते त्यांनी खरोखर डब्यातून काढून शेजारी ठेवून पाहिलं.

घरी आल्यावर क्लिनिकच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद वाचली. दहा दात, दहा अक्षरं. ई आणि एफवर पांढरे डाग. धोका जास्त. वागणूक फ्रँकल मोजपट्टीवर (मूल तपासणीला किती साथ देतं त्याची १ ते ४ ची पट्टी) २. समुपदेशन कुणाला: आई (म्हणजे मी), आणि दिवसा सांभाळणारी आजी, मराठीत आईमार्फत. रात्रीच्या दुधातला गूळ बंद करण्याबद्दल बोलणं झालं, तेही होतं. वॉर्निश लावलं, संमती घेतली.

बिलात डी०१४५, वॉर्निशचा डी१२०६, आणि धोक्याच्या नोंदीचा डी०६०३ शून्य डॉलरला. विम्यानं सगळं दिलं. आधीच्या क्लिनिकची तपासणी धरून विमा वर्षात देतो त्या दोन्ही तपासण्या संपल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी ते निघतानाच सांगितलं आणि तीन महिन्यांनंतरची तारीख जानेवारीत दिली.

तक्रार आहे ती वाट बघण्याची. वेळ १० ची होती, आत घेतलं १० वाजून ४० मिनिटांनी. सोळा महिन्यांच्या पोराला तेवढा वेळ धरून ठेवणं फार अवघड जातं, आणि तिची झोपेची वेळही तीच. सकाळची अगदी पहिली वेळ मागा. पार्किंगही अपुरं आहे.

जानेवारीची तारीख आम्ही १८ ची घेतली. आईंचं परतीचं विमान २४ ला आहे, आणि पांढरी रेघ कमी झाली का ते त्यांना स्वतः डॉक्टरांकडून ऐकायचंय.