टर्नटेबल आणि तीन लाइनींची इंजिन शेड: एका किटचा अनुभव

परभणीत आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे आणि तिच्यात गेली चार वर्षे मी एचओ मापाची, म्हणजे मूळ आकाराच्या ८७व्या हिश्श्याची, रेल्वे उभारत आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्यात टर्नटेबल, म्हणजे गोल खड्ड्यात फिरून इंजिनाची दिशा बदलणारा पूल, आणि त्याला लागून तीन लाइनींची पंख्याच्या आकाराची इंजिन शेड बसवली. दोन्ही किट एकाच परदेशी कंपनीची आहेत, आणि टपाल व सीमाशुल्क धरून ती मूळ किमतीच्या जवळपास दीडपटीला पडली. तरीही टर्नटेबलचे किट घ्यावे असेच माझे मत आहे. मात्र सोबतच्या माहितीपत्रकातला कामाचा क्रम जसाच्या तसा पाळू नये.

टर्नटेबल उत्तम आहे. पुलाची लांबी ३०५ मिलिमीटर असून मधली कणी, म्हणजे ज्यावर पूल फिरतो तो खुंटा, घट्ट बसते, पूल डुगडुगत नाही आणि हाताने फिरवतानाही तो हव्या त्या जागी थांबतो. विजेची सोय विशेष विचारपूर्वक केलेली आहे. दोन रुळांतून डीसी वीज देणाऱ्या मांडणीत इंजिन अर्धा फेरा फिरले की पुलाचे रूळ उलटे होतात आणि समोरच्या लाइनीशी धन-ऋण जुळत नाही. येथे पुलाखालची, त्याला वीज देणारी पितळी कडी दोन भागांत चिरलेली असल्यामुळे ही अदलाबदल आपोआप होते. चिरेची जागा मात्र आपणच ठरवायची असते. ती शेडच्या लाइनी आणि येणारी लाइन सोडून तिसऱ्याच दिशेला ठेवावी, नाहीतर नेमक्या लाइनीसमोर येऊनही पुलावर वीज मिळणार नाही.

खरी कसोटी शेडमध्ये रूळ टाकताना लागते. शेडच्या लाइनींमध्ये १० अंशांचा कोन आहे. त्यामुळे खड्ड्याच्या काठावर शेजारच्या दोन लाइनींच्या मध्यांत २६.६ मिलिमीटरच अंतर उरते, आणि एचओच्या स्लीपरची लांबी साधारण ३० मिलिमीटर असल्याने तेथे स्लीपर एकमेकांवर चढतात व त्यांची टोके कापावी लागतात. दारांच्या मध्यांत ६० मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे दारांची रेषा टर्नटेबलच्या केंद्रापासून ३४४ मिलिमीटरवरच यायला हवी. शेड १० मिलिमीटर पुढे सरकली, तर बाहेरच्या दोन्ही लाइनी दाराच्या मध्यापासून जवळपास पावणेदोन मिलिमीटर हलतात. कोनात एका अंशाची चूक झाली, तर दारापाशी ती ६ मिलिमीटरची होते.

आणि माहितीपत्रक सांगते की शेडची फरशी आधी चिकटवून घ्या आणि रूळ मागून टाका. मी तसेच केले. तिसऱ्या लाइनीवर इंजिनाचा सिलिंडर दाराच्या खांबाला घासला, पांढऱ्या प्लास्टिकवर काळी रेघ उमटली, आणि फरशी उचकटताना तिचा एक कोपरा तुटला. त्यानंतर मी क्रम उलटा केला. प्रत्येक लाइनीसमोर पूल थांबवून, ६०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी पुलाच्या रुळाच्या आतल्या कडेला टेकवून तिच्या रेषेत रूळ टाकले, तिन्ही लाइनींवर इंजिन दहा-दहा वेळा नेऊन आणले, आणि शेड सर्वांत शेवटी त्या रुळांवर बेतून बसवली. आता तिन्ही दारांतून इंजिन दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून जाते.

रुळांसाठी मी पेकोचा कोड १०० चा लवचिक ट्रॅक वापरला. त्याचा एक नग ९१४ मिलिमीटरचा असतो, रूळ निकेल सिल्व्हरचे आणि २.५४ मिलिमीटर उंच असतात. खड्ड्याच्या काठावर मात्र प्लास्टिकच्या स्लीपरवर भरवसा ठेवू नये. तेथे मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या पीसीबीच्या, म्हणजे तांब्याचा पातळ थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या, पट्ट्या कापून खाली घातल्या, तांब्याला मधोमध करवतीने खाच पाडली, म्हणजे दोन रुळांत शॉर्ट होत नाही, आणि रूळ त्यांवरच डागले. उंचीचा फरक साध्या पोस्टकार्डाच्या पट्टीने भरून निघतो. पुलावरून लाइनीवर जाताना चाकाचा टक् असा आवाज आला, तर बोट फिरवून पाहावे. टोक वर असेल ते बोटाला लगेच कळते.

शेडच्या आत खडी आणि स्लीपर दिसता कामा नयेत. माझे काका पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि लहानपणी त्यांच्याबरोबर पाहिलेली तेलाने काळी झालेली, रुळांच्या बरोबरीने आलेली जमीन अजून डोळ्यांसमोर आहे. ते दिसावे म्हणून स्लीपर काढून नुसते रूळ चिकटवले आणि अडीच मिलिमीटरच्या पुठ्ठ्याने जमीन भरून घेतली. रुळाच्या आतल्या बाजूने चाकाच्या कंगोऱ्यासाठी सव्वा मिलिमीटर फट सोडावी लागते. किटमधली फरशी या बाबतीत निराशा करते, कारण तिच्यातल्या खाचा उथळ आहेत आणि काही इंजिनांची चाके उचलली जातात.

मराठवाड्यात राहणाऱ्यांनी हवामानाचा विचार आधी करावा. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पत्र्याखाली ३० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात ९१४ मिलिमीटरचा रूळ जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत रूळ टाकत असाल, तर प्रत्येक जोडावर तेवढी फट ठेवा. शेडमधले रूळ मी खड्ड्याच्या काठावर पक्के केले आणि मागचे टोक मोकळे सोडले, त्यामुळे वाढ भिंतीकडे जाते आणि टर्नटेबलशी जुळवलेली रेषा हलत नाही. शेडचे छत दुपारच्या उन्हात ठेवू नये. माझ्या छताला खिडकीकडच्या बाजूने किंचित बाक आला आहे.

एचओचा १६.५ मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आपल्या ब्रॉडगेजलाही तंतोतंत जुळत नाही आणि मीटरगेजलाही नाही. पूर्णेच्या मीटरगेजची हुबेहूब शेड करायची असेल तर याच मापात १२ मिलिमीटरचा, आणि लातूरला १९११ मध्ये आलेल्या नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वेसाठी ९ मिलिमीटरचा गेज लागतो. त्यांच्यासाठी हे टर्नटेबल जसेच्या तसे चालणार नाही. पुलावरचे रूळ बदलावे लागतील. पण पुलाचा आधार, कणी आणि पितळी कडी त्यांनाही उपयोगी पडेल, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी टर्नटेबलचे किट पुन्हा मागवीन. शेडचे मात्र दुसऱ्यांदा मागवणार नाही. भिंती आणि फरशी प्लायवूडमध्ये घरीच कापून घेईन.