आधी दोरी, मग उतार: साडेतीन वर्षांच्या लेकीचा पहिला स्नोबोर्ड

लेकीला पहिल्यांदा स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय अडकवून बर्फावरून घसरायच्या एकाच फळीवर, उभं केलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आता दोन हिवाळे झालेत. या काळात आम्ही तीन गोष्टी भरपूर वापरल्या: 80 सेंटीमीटरचा बोर्ड, त्याच्या टोकाला लागणारं ओढायचं रीळ आणि पाठीवर हँडल असलेली बंडी. तिन्हींत माझा जीव जडला तो रिळावर, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हे रीळ म्हणजे एक छोटी डबी, आत गुंडाळलेली दोरी. डबी बोर्डाच्या पुढच्या टोकावर स्क्रूने बसते. दोरी ओढली की बाहेर येते, सोडली की आपली आपण आत जाते, त्यामुळे बर्फात लोळत नाही आणि बोर्डाखाली सापडत नाही. बर्टन कंपनीचं ‘रिगलेट रील’ हे यातलं सगळ्यांत ओळखीचं. घेण्याआधी एक मात्र बघा, बोर्डाच्या टोकाला त्यासाठी भोकं आहेत ना. प्रत्येक बोर्डाला ती नसतात.

साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘टाचेवर भार दे’, ‘चवड्यावर ये’ असं सांगून काही उपयोग नाही. तिला शब्द कळतात, पण त्या शब्दांचं शरीरात काय करायचं ते कळत नाही. सपाट बर्फावर मी दोरी धरून चालायला लागले आणि पहिल्याच फेरीत तिचे गुडघे आपोआप वाकले, कारण ताठ उभं राहिलं की ती मागे बसत होती. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मग मी नागमोडी चालले. बोर्ड वळला, तिची नजर माझ्या मागे आली, नजरेमागे खांदे आणि खांद्यांमागे कंबर. वळण घेण्याचं मूळ तेच आहे, फक्त उतार नाही. मधेच थांबायचं, पुन्हा हळू निघायचं, असं दहा मिनिटं केलं की तोल सावरणं अंगात उतरायला लागतं. पहिले चार दिवस आम्ही उताराकडे गेलोच नाही. पाचव्या दिवशी, जेमतेम उतार म्हणावा अशा जागी, मी दोरी हातातून सोडली आणि ती बसेपर्यंत सात-आठ पावलांचं अंतर एकटी घसरत गेली. उठल्या उठल्या ‘आई, परत ओढ ना’.

स्नोबोर्डच्या टोकाला दोरी ही कल्पना मुळीच नवी नाही. 1965 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन इथे शर्मन पॉपेन यांनी दोन स्की (एकेका पायात अडकवायच्या अरुंद फळ्या) एकमेकांना जोडून आपल्या मुलींसाठी बर्फावरचं खेळणं केलं. त्यातूनच ‘स्नर्फर’ नावाचा बोर्ड आला आणि त्याच्या टोकाला धरायला दोरी होती. पुढे बर्टन कंपनीचे संस्थापक जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 मध्ये अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात बोर्ड बनवायला सुरुवात केली, तेही आधी स्नर्फरवरच खेळलेले. म्हणजे हा खेळ मुलांच्याच खेळण्यातून सुरू झालाय. ‘सात-आठ वर्षांची होईपर्यंत स्नोबोर्ड नको’ असं मला फार जणांनी सांगितलं, तेव्हा ही गोष्ट माझ्या मनात असायची. एवढ्या लहान मुलांच्या मापाची सामग्री मिळत नव्हती तोवर तो सल्ला बरोबरच होता. मोठ्यांचा बोर्ड नुसता कापून लहान केला तर तो लहान मुलाच्या वजनाला दबत नाही.

हे मी स्वतः अनुभवलं. सुरुवातीला एका ठिकाणी भाड्याने बोर्ड घेतला. लांबी चालण्यासारखी होती, पण फळी अगदी कडक. माझी लेक तेव्हा सोळा किलोची. तिने कितीही जोर लावला तरी ती फळी तिचं ऐकेना. कडाही धारदार, त्यामुळे जरा तिरकं झालं की कड बर्फात रुतून ती तोंडावर पडायची. तो दिवस रडण्यात गेला, आणि चूक तिची अजिबात नव्हती. आमचा 80 सेंटीमीटरचा बोर्ड हाताने दाबला तरी वाकतो, त्याच्या कडा किंचित वर उचललेल्या आहेत आणि दोन्ही टोकं सारखी आहेत. या वयात कोणता पाय पुढे हे ठरलेलं नसतं. आज डावा, उद्या उजवा. दोन्ही टोकं सारखी असली आणि दोन्ही पायांचे पंजे थोडे बाहेर वळतील अशी बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायच्या पट्ट्या) लावली, तर तिला कुठल्याही बाजूने जाता येतं. आमच्याकडे कोणता पाय पुढे हे पक्कं व्हायला पूर्ण हिवाळा गेला.

बूट मात्र वाढत्या अंगाचे घेऊ नका. कपडे घेतो तसे एक माप मोठे बूट घेतले तर आत टाच उचलली जाते आणि तिने पायाने सांगितलेलं बोर्डापर्यंत पोचतच नाही. बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि टाच जागची हलू नये, एवढं बघायचं. चिकटपट्टीचे बूट या वयाला सगळ्यांत सोयीचे.

आता बंडी. ही वस्तू चांगली आहे, पण तिच्यामुळेच मी सगळ्यांत मोठी चूक केली. हँडल दोन खांद्यांच्या मधे असतं. पहिल्या खऱ्या उतारावर मी ते हँडल धरून तिला खालपर्यंत नेलं, तीन-चार वेळा. ती खुश, मी खुश. हँडल सोडलं आणि ती जागच्या जागी बसली. वरून ओढलं की मुलाचं अंग मागे झुकतं, भार टाचांवर जातो, आणि उभं राहणं हे आईचं काम आहे असं ते शरीर शिकतं. ते मोडून काढायला मला पुढचे दोन दिवस पुन्हा सपाटीवर दोरी ओढावी लागली. मागून धरायच्या लांब पट्ट्याचं याहून वाईट. पट्टा ताणला की भार मागच्या पायावर येतो, आणि बोर्ड वळतो तो पुढच्या पायाने. मी पट्टा काढूनच टाकला. आता उतारावर मी तिच्या समोर, उलटी चालत, तिचे दोन्ही हात हलके धरते आणि मग एकेक बोट सोडवते. हँडल फक्त पडल्यावर उठवायला आणि उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टवर चढवायला. त्या दोन कामांसाठी मात्र बंडीशिवाय माझी कंबर टिकली नसती. आमच्या बंडीला मांड्यांमधून जाणारा पट्टा नाही, म्हणून उचलली की ती काखेत सरकते. शिवाय हातमोजे घालून तिचे बक्कल लागत नाहीत. तुम्ही घ्याल तेव्हा या दोन गोष्टी दुकानातच हातमोजे घालून तपासा.

हेल्मेटवर ईएन 1077 (युरोपचं) किंवा एएसटीएम एफ2040 (अमेरिकेचं) हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं असावं, आणि ते हलवल्यावर कपाळाची कातडी सोबत हलावी इतकं घट्ट बसावं. पडायलाही शिकवावं लागतं, कारण नवशिक्यांचं मनगट सगळ्यांत जास्त दुखावतं. पुढे पडताना मुठी मिटून आधी गुडघे, मग कोपरापर्यंतचे हात. मागे पडताना हनुवटी छातीला लावून बसायचं. आम्ही घरी सतरंजीवर ‘धप्प’ असा खेळच केला होता. त्याच सतरंजीवर बोर्ड ठेवून बूट अडकवायचा, उड्या मारायच्या, हेही बर्फ पाहण्याआधी आठवडाभर केलं.

एका गटवर्गालाही घातलं होतं. शिकवणारी गोड होती, पण सहा मुलं आणि ती एकटी. बोर्डवर प्रत्येक पडलेल्याला उठवावं लागतं, त्यामुळे दोन तासांत माझ्या लेकीच्या वाट्याला पाचच घसरण्या आल्या. पाच वर्षांच्या आत एकाला एक शिक्षक, तोही अर्ध्या तासासाठी, याहून जास्त नको. आमचं स्वतःचं सत्र वीस मिनिटांचं असतं. तिने ‘पुरे’ म्हटलं की त्याच क्षणी बूट काढायचे.

आणि खरं सांगायचं तर स्कीवर मुलं लवकर पुढे जातात. दोन पाय सुटे, तोंड समोर, चालण्याच्या जवळचं काहीतरी. तिच्याच वयाचा भाचा तिसऱ्या दिवशी स्कीवर लिफ्टने वर जात होता, आमची तेव्हा सपाटीवरच होती. लवकर उतरायला लावायचं असेल तर स्की घ्या. आम्ही बोर्ड घेतला, कारण तिने मला बोर्डवर बघितलं होतं आणि तिला तेच हवं होतं.

या हिवाळ्यात ती बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर थांबते आणि डावीकडचं वळण एकटी घेते. उजवीकडचं अजून येत नाही, चवड्यावर यायला ती घाबरते. त्यासाठी काल पुन्हा रीळ काढलं आणि तिला पाठमोरी उभी करून ओढलं.