५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट (लिनक्सचा एक प्रकार) शेजारी-शेजारी ठेवायचे, तर आधी जागेची वाटणी. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. वाटणी त्याच आकड्यावर करायची. सी ड्राइव्हला २००, मिंटच्या रूटला (जिथे मिंट स्वतः बसते) ६०, होमला (जिथे तुमच्या फाइल्स राहतात) ९० आणि उरलेली सव्वाशेच्या आसपास जागा दोन्हीकडून वापरायच्या सामायिक डेटासाठी, एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत). रूटला ३० जीबी पुरतात असे बरेच जण सांगतात. पण टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती) आणि फ्लॅटपॅक (स्वयंपूर्ण पॅकेजमधले प्रोग्राम) तिथेच साचतात आणि ३० बघता बघता भरतात. ६० वर अजून अडलेले नाही. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) नको, फाइल पुरते.

सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावा. शंभर जीबी मोकळे असूनही कधी कधी तो पाच-दहाच सोडतो, कारण पेजफाइल (विंडोजचा स्वॅप), हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरचा साठा चालू विंडोजला हलवता येत नाही. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, मग पुन्हा श्रिंक करून बघा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन परस्पर चालू झालेले असू शकते.

या जोडीतला खरा उपद्रव म्हणजे फास्ट स्टार्टअप. शटडाऊन केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही, आणि मग मिंट एनटीएफएस पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडते. लोक डिस्क खराब झाली समजतात. फास्ट स्टार्टअप हायबरनेशनवरच चालते, तेच कायमचे बंद केले की प्रश्न मिटतो. विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडले, तर मिंटला हार्डवेअरचे (मदरबोर्डवरचे) घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा.

सामायिक पार्टिशनवर मिंटमधून फाइलच्या नावात कोलन टाकू नका. मिंट ते चालवून घेते, विंडोजला ती फाइल उघडत नाही.

विंडोज स्वतःचे ईएफआय पार्टिशन (बूट होण्याच्या फाइल्सची जागा) बहुधा १०० एमबीचे करते. मिंटला ते पुरते, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) रूटमध्ये राहतात. पॉप ओएस हे दुसरे लिनक्स मात्र कर्नल ईएफआयमध्येच ठेवते, तिथे १०० एमबी कमी पडतात. पुढे प्रयोग करायचे असतील तर कोऱ्या डिस्कवर आधीच १ जीबीचे करून घ्या.

मिंट काढायचे झाल्यास आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, मगच पार्टिशन उडवा. क्रम उलटला तर ग्रबचा (मिंटच्या बूट लोडरचा) काळा पडदा समोर येतो. बायोसच्या बूट यादीत मिंट 'उबुंटू' नावाने दिसते, गोंधळू नका.